काम काढून घेऊ नका, करता येईल असं द्या

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. वय 44, नोकरीला 16 वर्षं झाली. लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर (आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आहे, हातात काठी असते, साईड व्हीलच्या स्कूटरवरून कॉलेजला येते. प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पास झाले, पीएच.डी. केली. शिकवायची मनापासून आवड होती. 'होती' असं लिहिताना वाईट वाटतंय.

आमची इमारत जुनी, दगडी, लिफ्ट नाही. माझे निम्मे तास दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात. त्याबद्दल कधी बोलले नाही. मुलाखतीतच 'जमेल ना मॅडम?' असं विचारलं होतं आणि मी 'हो' म्हणाले होते. पण गेल्या दोनेक वर्षांत पाय लवकर थकतो, खांदा दुखतो, वर पोचेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. मुलांच्या फीडबॅकमध्ये 'मॅडम उशिरा येतात' असं आलं. विभागप्रमुखांनी ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

आणि बाकीच्या कामांतून मला वगळतात. प्राचार्य माणूस म्हणून चांगले आहेत, काळजीनेच म्हणतात, 'मॅडम, तुम्ही कशाला दगदग करता?' एनएसएसचं शिबिर नाही, कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची कमिटी नाही, परीक्षेचं काम नाही. यंदा मुलांना मार्केट यार्डात न्यायची कल्पना माझी होती. घेऊन गेले दुसरे सर, कारण तिथे चिखल असतो. आता कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल भरायला घेतली, तर लिहायला काही नाही. स्टाफरूममध्ये कानावर येतं, 'यांना काय, सगळी सूट आहे.' आणि 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, शाल-नारळ देऊन माझ्या जिद्दीचं कौतुक होतं.

घरचे म्हणतात, पगार वेळेवर येतोय, गप्प राहा. समाधान नाही म्हणून काम घसरलंय की काम घसरलंय म्हणून समाधान गेलंय, हेच मला कळेनासं झालंय. सोयी मागितल्या तर 'हिला झेपत नाही' असा शिक्का बसेल का? की नोकरीच सोडावी?

– एक प्राध्यापिका, कोथरूड

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या पायऱ्यांपेक्षा मला मार्केट यार्ड जास्त लागलं. गुलटेकडीला सकाळी गाळ्यावर उभं राहिलं की शेतकऱ्याचा माल, आडत्याचा शब्द, हमाली-तोलाई आणि किरकोळ विक्रेत्याची घासाघीस हे सगळं एका जागी दिसतं. भाव कसा ठरतो हे मुलांना तिथे नेऊन दाखवायचं, हे ज्या शिक्षिकेला सुचतं तिची शिकवण्याची आवड संपलेली नाही. 'होती' हा शब्द तुम्ही मागे घ्यावा असं मला वाटतं. तुमची कल्पना घेतली गेली आणि तुम्हाला मात्र घरी ठेवलं गेलं, हा अन्याय आहे. तो प्रेमाने झाला म्हणून त्याचं अन्यायपण कमी होत नाही. आणि चिखलावर उपाय होता. एखाद्या ओळखीच्या आडत्याच्या गाळ्यावर खुर्ची टाकून तुम्ही बसला असता, प्रश्नावली तुम्ही केली असती, मुलं गटागटाने बाजारात फिरून तुमच्यापाशी आकडे आणून देत राहिली असती. हे कुणी तुम्हाला विचारलंच नाही. मला वाटतं, तुमच्या सगळ्या पत्राची गाठ इथेच आहे.

तुमच्याबाबतीत एकाच वेळी दोन चुका चालल्या आहेत. जे काम तुम्हाला करायचंच आहे, म्हणजे शिकवणं, ते कारण नसताना अवघड करून ठेवलंय. आणि जी कामं थोड्या व्यवस्थेने सहज जमली असती, ती परस्पर काढून घेतलीत. पहिल्या चुकीने शरीर दमतं, दुसरीने मन. गंमत म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला यातली दुसरीच दिसते, म्हणून त्याला वाटतं की तुमच्यावर मेहेरबानी चाललीय. मजल्यांचा हिशेब कुणीच करत नाही.

समाधान आधी की काम आधी, या तुमच्या प्रश्नावर अभ्यासकांनी बरीच वर्षं डोकं लावलेलं आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 साली एक मांडणी केली, ती तुमच्या वाणिज्य विभागातले सहकारी व्यवस्थापनाच्या पेपरला अजून शिकवत असतील. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, नियम या गोष्टी वाईट असल्या की माणूस वैतागतो. पण त्या सुधारल्या म्हणजे आपोआप समाधान मिळतं असं नाही. समाधान येतं ते प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून, काहीतरी साधलं या भावनेतून, वाढ होण्यातून. या मांडणीवर पुढे टीकाही झाली, पण तुमच्या पत्राला ती फार नेमकी लागू पडते. घरचे म्हणतात पगार येतोय, तो पहिल्या यादीतला. पायऱ्याही पहिल्या यादीतल्या. दुसऱ्या यादीतलं जवळजवळ सगळं तुमच्याकडून काढून घेतलंय. त्यामुळे उद्या कॉलेजने लिफ्ट बसवली तरी तुमचा वैताग जाईल, समाधान परत येणार नाही. त्यासाठी काम परत मिळवावं लागेल.

आणि समाधानाचा कामाच्या दर्जाशी संबंध किती? 2001 साली टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 312 नमुन्यांचा, म्हणजे 54 हजारांहून जास्त माणसांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सहसंबंध निघाला सुमारे 0.30. तुम्ही अर्थशास्त्राच्या आहात, हा आकडा तुम्हाला समजावून सांगायला नको. संबंध आहे, पण एकातून दुसरं ठरावं इतका घट्ट नाही. गुंतागुंतीच्या, स्वतःची बुद्धी वापरायच्या कामांत तो जास्त ठळक दिसला, आणि शिकवणं हे तसंच काम आहे. पण तुमच्या बाबतीत मला वाटतं दोन्ही घसरायला तिसरंच कारण आहे, आणि ते तिसऱ्या मजल्यावर आहे. साठ मिनिटांच्या तासातली आठ मिनिटं जिन्यात गेली, वर पोचून श्वास लागलेला, एका हाताने टेबल धरून दुसऱ्या हाताने फळ्यावर वक्र काढायचे. यात कुणाचं शिकवणं खुलणार? 'मॅडम उशिरा येतात' हा शेरा तुमच्यावरचा नाहीच. तो टाईमटेबल करणाऱ्यावरचा शेरा आहे, आणि विभागप्रमुखांनी तो चुकीच्या माणसाला वाचून दाखवला.

आता एक गोष्ट बाकी सगळ्याच्या आधी. पाय लवकर थकतो, खांदा दुखतो, हे गेल्या दोन वर्षांत सुरू झालंय असं तुम्ही लिहिता आणि पुढे सरकता. तिथे थांबा. लहानपणी पोलिओ होऊन गेलेल्यांना मधली कित्येक वर्षं बरी गेल्यावर, साधारण पंधरा ते चाळीस वर्षांनी, नव्याने अशक्तपणा, थकवा, स्नायू-सांधेदुखी सुरू होऊ शकते. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही. त्याची एकच अशी तपासणी नसते. रक्तक्षय, थायरॉईड, काठीच्या भाराने खांद्याला झालेली इजा, अशी बाकीची कारणं तपासून मग डॉक्टर त्या निष्कर्षाला येतात. पण न्यूरॉलॉजिस्टला किंवा पुनर्वसन वैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पोलिओचा इतिहास स्वतःहून, सविस्तर सांगा. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला, मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे फार मोठं यश आहे, पण त्याचा अर्थ असाही होतो की आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी पोलिओचा रुग्ण पाहिलेलाच नाही. कॅलिपर शेवटचा कधी बदललात तेही बघा. वजनदार, सैल झालेल्या कॅलिपरवर दिवसातून चार वेळा तीन मजले चढणं म्हणजे खांद्याची आणि चांगल्या पायाची वाट लावणं.

यातलं महत्त्वाचं हे की पोस्ट-पोलिओमध्ये नेट लावून जास्त श्रम करणं अपायकारक ठरू शकतं. शक्ती जपून वापरायची असते. आजवर तुमच्या कामी आलेली सवय, म्हणजे काही न बोलता जिना चढत राहायचं, ती आता सोडावी लागेल. शिक्का बसेल म्हणून पायऱ्या चढत राहणं हा तुमच्या शरीराला परवडणारा सौदा राहिलेला नाही.

आता मागणी. ती तोंडी करू नका. प्राचार्य चांगले आहेत, म्हणून तोंडी बोलणं सोपं वाटेल. ते 'हो हो, बघतो' म्हणतील आणि पुढच्या टर्मला टाईमटेबल करणारी व्यक्ती वेगळी असेल. लेखी अर्ज द्या. त्यात दुःख लिहू नका, आभारही फार मानू नका, फक्त व्यवस्था लिहा. मी असं काहीसं लिहीन:

'विषय: अध्यापनासाठी वाजवी सोयी मिळण्याबाबत. महोदय, मी 16 वर्षे अर्थशास्त्र विभागात कार्यरत असून मला उजव्या पायाचे कायमस्वरूपी अपंगत्व आहे (प्रमाणपत्राची प्रत सोबत). येत्या शैक्षणिक वर्षापासून माझे सर्व तास तळमजल्यावर व शक्यतो सलग खोल्यांमध्ये ठेवावेत. खोली बदलायची असल्यास दोन तासांत किमान दहा मिनिटांचे अंतर असावे. वर्गात पाठ व हात असलेले उंच स्टूल, तसेच बसून लिहिता यावे यासाठी प्रोजेक्टरला जोडता येणारा डॉक्युमेंट कॅमेरा अथवा लेखन-टॅब उपलब्ध करावा. माझ्या अध्यापनाच्या तासांची संख्या कमी करू नये. तसेच येत्या वर्षी अंतर्गत परीक्षा समिती व आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) यांमध्ये माझा समावेश करावा, ही विनंती.'

तासांची संख्या कमी करू नये, हे वाक्य कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. स्टाफरूममधल्या बोलण्याला हे उत्तर आहे आणि प्राचार्यांच्या काळजीलाही. तुम्ही काम टाळायला आलेला नाहीत, पूर्ण काम मागायला आला आहात, हे कागदावर राहतं.

वर्ग खाली आणायला काही खर्च नाही. साठ मुलांनी माझ्यासाठी खोली बदलायची, असं वाटून तुम्ही संकोचाल, म्हणून सांगते. विद्यापीठाच्या परीक्षा असल्या, निवडणुकीसाठी इमारत ताब्यात गेली, कुठली स्पर्धा असली की पुण्यातल्या कॉलेजांत वर्ग सर्रास इकडचे तिकडे होतात. मुलं नोटीस वाचतात आणि जातात. शिवाय सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. तुमच्या कॉलेजात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तीही तुमच्यासारखीच गप्प राहून तिसरा मजला चढत असेल.

डॉक्युमेंट कॅमेऱ्याचं थोडं जास्त सांगते, कारण त्याने तुमचं शिकवणं खरंच बदलेल. टेबलावर कागद ठेवायचा, वर कॅमेरा, मागे पडद्यावर चित्र. मागणीचा वक्र तुम्ही बसून काढता, तो उजवीकडे सरकतो तेव्हा दुसऱ्या रंगाचं पेन घेता, आणि सगळा वेळ तोंड मुलांकडे असतं. फळ्याकडे पाठ करून उभं राहणाऱ्या शिक्षकाला हे सुख नाही. तास संपला की त्या कागदांचे फोटो मुलांना पाठवता येतात. कॉलेजने आणायला वेळ लावला तर मोबाईल एका स्टँडवर उलटा लावून प्रोजेक्टरला जोडा, तात्पुरतं चालतं.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारते. तळमजल्यावर तुम्हाला वापरता येईल असं, खुर्चीसारखं बसता येणारं आणि धरायला दांडी असलेलं स्वच्छतागृह आहे का? नसेल तर तुम्ही दिवसभर पाणी कमी पीत असणार. नोकरी करणाऱ्या अनेक दिव्यांग बायका हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत. अर्जात तेही लिहा. लाजू नका. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि दाराजवळ स्कूटर लावायची राखीव जागा, हेही.

हे सगळं तुम्ही उपकार म्हणून मागत नाही आहात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात, म्हणजे तुमचं महाविद्यालय आलं. कलम 20 नुसार अशा आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी आणि अडथळामुक्त वातावरण द्यायचं आहे, आणि केवळ अपंगत्वाच्या कारणावरून बढती नाकारायची नाही. वाजवी सोयी नाकारणं हा भेदभावच, असं कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय. संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये एवढीच त्याला मर्यादा आहे, आणि खोली बदलण्यात कसला आलाय बोजा. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात, हाताच्या दुखण्यामुळे लेखनिक मागणाऱ्या एका परीक्षार्थीच्या बाबतीत, हेच तत्त्व ठासून मांडलं: कुणाला कोणती सोय लागेल हे त्या माणसाची गरज बघून ठरतं, सरसकट साच्याने नाही. त्यामुळे 'अमक्या सरांनाही अपंगत्व आहे, ते तर चढतात' हे उत्तर होऊ शकत नाही.

त्याच कायद्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. अर्ज देताना ऑफिसात सहज विचारा, आपल्या कॉलेजचं असं धोरण आहे का, त्याची प्रत मिळेल का. बहुतेक ठिकाणी या प्रश्नानेच फायली हलायला लागतात. कलम 23 प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि त्याच्याकडे नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. तिथे काही झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त. आयुक्तालय पुण्यातच आहे, म्हणजे राज्यातल्या बहुतेक प्राध्यापकांपेक्षा तुम्हाला ते जवळ आहे. पण माझा सल्ला असा की सुरुवात तिथून करू नका. तुमचे प्राचार्य चांगल्या मनाचे आहेत, त्यांना संधी द्या. त्यांना बहुधा माहीतच नाही की त्यांच्या काळजीने तुमची बढती अडते आहे. हे त्यांना आकड्यांत दाखवा.

आकडे म्हणजे कॅस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनाचे दोन मुख्य भाग आहेत. एक अध्यापन: नेमून दिलेल्यापैकी 80 टक्के किंवा जास्त तास घेतले की 'चांगले'. दुसरा म्हणजे इतर कामं: प्रशासकीय जबाबदारी, परीक्षा आणि मूल्यमापन, विद्यार्थ्यांचे उपक्रम, परिसंवादाचं आयोजन, पीएच.डी. मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, प्रकाशन. यातल्या किमान तीन प्रकारांत सहभाग असेल तर 'चांगले', एक-दोन असेल तर 'समाधानकारक'. तुमच्या अध्यापनाला कुणी हात लावू शकत नाही. अडचण दुसऱ्या रकान्याची आहे, आणि तो रिकामा ठेवलाय कॉलेजने. हा तक्ता छापून प्राचार्यांसमोर ठेवा आणि शांतपणे विचारा, 'सर, मला या कामांतून वगळलं तर मी हा रकाना कशाने भरू?' मला खात्री आहे, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसेल.

आणि यादी नीट वाचली तर लक्षात येईल, यातलं बहुतेक काम बसून करायचं आहे. अंतर्गत गुणांचं काम, उत्तरपत्रिका एकत्र तपासतात त्या कॅप सेंटरवरचं मॉडरेशन, म्हणजे फेरतपासणी, आयक्यूएसीचे अहवाल, नॅकसाठी माहिती जुळवणं. मी बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवलं आहे. नॅकची टीम यायच्या आधीचे ते महिने, रात्री आठपर्यंत ऑफिसात फायली लावणारे सहकारी मी पाहिलेत. आकडेवारीवर हात बसलेला अर्थशास्त्राचा माणूस तिथे सोन्याचा असतो. तुमच्याशिवाय ती कमिटी बसवली, यात तुमच्यापेक्षा कॉलेजचं नुकसान जास्त झालं. एनएसएसचं सात दिवसांचं मुक्कामी शिबिर कदाचित तुम्हाला झेपणार नाही, आणि ते नाही म्हणायला हरकत नाही. पण शिबिराआधी त्या गावाचं सर्वेक्षण आखणं, मुलांना प्रश्न कसे विचारायचे ते शिकवणं, नंतर अहवाल लिहून घेणं, हे मागून घ्या. काय जमतं आणि काय नाही हे तुम्ही ठरवायचं, तुमच्यासाठी दुसऱ्याने नाही.

स्टाफरूमचं म्हणाल तर त्यावर फार शक्ती घालवू नका. जो सहकारी सगळी सूट आहे म्हणतो, त्याला तुमचं टाईमटेबल दाखवून काही फरक पडत नाही. तुम्ही परीक्षेच्या कामात त्याच्याशेजारी बसून गठ्ठे तपासायला लागलात की ते बोलणं आपोआप मंदावेल. आणि नाही मंदावलं तरी तुमची फाईल भरलेली असेल. विभागप्रमुखांचं मात्र वेगळं आहे. सगळ्यांसमोर शेरा वाचून दाखवला, त्याला उत्तर लेखी आणि नम्र द्या. दोन आठवडे एका वहीत साधी नोंद ठेवा: कोणता तास, कोणता मजला, आधीचा तास किती वाजता संपला, वर किती वाजता पोचलात. तळमजल्यावरच्या तासांना तुम्ही वेळेवर असता हे त्यातून आपोआप दिसेल. ती नोंद अर्जाला जोडा.

3 डिसेंबरच्या सत्काराला जायचं की नाही, हे तुमच्या मनावर. गेलात आणि दोन शब्द बोलायला सांगितलं, तर जिद्दीवर बोलू नका. समान संधी धोरणाबद्दल विचारा, माईकवरून, सगळ्यांसमोर.

हे वाचणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचं अपंगत्व असलेले प्राध्यापकही असतील. तुमची यादी वेगळी असेल, मागण्याची रीत हीच. दृष्टिहीन शिक्षकाला हजेरीचं पोर्टल स्क्रीन रीडरवर चालायला हवं. एनव्हीडीए हा रीडर फुकट मिळतो, पण पोर्टलच नीट बनवलेलं नसेल तर त्याचा काय उपयोग? उत्तरपत्रिकांसाठी वाचनिक लागेल. कमी ऐकू येणाऱ्या शिक्षकाला मागच्या बाकावरचा प्रश्न पोचावा म्हणून वर्गात फिरता माईक लागेल, मोबाईलवर बोलणं मजकुरात उतरवणारं ॲप मराठीतही चालतं. यातलं काहीही महाग नाही. मागितलं नाही तर मात्र कुणी आणून देत नाही, हा आजवरचा अनुभव आहे.

शिक्का बसेल का, असं तुम्ही विचारलंत. खोटं कशाला सांगू, दोन-चार जण म्हणतील. पण शिक्का आताही बसलेलाच आहे, 'उशिरा येतात' आणि 'सूट आहे' असा, आणि तो तुम्ही गप्प राहिल्यामुळे बसलाय. मुलाखतीत तुम्ही 'हो, जमेल' म्हणालात ते खरंच होतं, तुम्ही 16 वर्षं जमवून दाखवलंत. त्या एका 'हो'ला तुम्ही निवृत्तीपर्यंत बांधील नाही. तेव्हा तुम्ही 28 वर्षांच्या होतात, पाय वेगळा होता.

नोकरी सोडायचा निर्णय यंदा घेऊ नका. थकलेल्या शरीराने आणि रिकाम्या ठेवलेल्या हातांनी घेतलेला तो निर्णय असेल. घरच्यांनाही एवढंच सांगा की तुम्ही भांडायला निघालेला नाहीत, पगार कुठे जात नाही. एक अर्ज देताय. तळमजल्यावरचे वर्ग आणि हातात दोन समित्या, अशी दोन सत्रं काढून बघा. त्यानंतरही वर्गात जाताना मन लागत नसेल, तर मला पुन्हा लिहा, आपण दुसऱ्या वाटांबद्दल बोलू. माझा अंदाज आहे की ती वेळ येणार नाही.

पुढच्या वर्षाचं टाईमटेबल बहुतेक कॉलेजांत उन्हाळ्याच्या सुट्टीतच करायला घेतात आणि एकदा ते लागलं की बदलायला कुणी तयार होत नाही. म्हणून अर्ज त्याआधी द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या आणि एक प्रत विभागप्रमुखांना द्या. डॉक्टरांची तारीख लांबची मिळाली तर त्यासाठी अर्ज अडवू नका. त्यांचा कागद मागाहून जोडता येतो.